इगतपुरीच्या धुक्याचं एक्स्पोजर

कसाऱ्याला लोकल संपते आणि घाट सुरू होतो. इथून इगतपुरीपर्यंतचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका उभा आहे. भारतातल्या ब्रॉडगेजवरच्या सर्वांत उभ्या चढांत त्याची गणना होते. त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यात मागून जादा इंजिनं लागतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात आणि इगतपुरीला पोचल्यावर ती सुटी केली जातात. इगतपुरीच्या फलाटावर वड्याला जी बरकत आहे तिच्यात या सक्तीच्या थांब्याचा वाटा मोठा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुंबई–निजामुद्दीन राजधानीला पुढे आणि मागे दोन्हीकडे इंजिन जोडून बँकरसाठीचा थांबा वाचवला गेला. वडेवाल्यांच्या दृष्टीने ही काही शुभवार्ता नव्हती.

१८६५ साली खुला झालेला हा थळ घाट पावसाळ्यात फोटो काढणाऱ्यांचं जुनं तीर्थ आहे. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे शेअर जीप करून मंडळी वर येतात. कुणी भावलीच्या धरणाकडे वळतं, कुणी त्रिंगलवाडीच्या किल्ल्याकडे. कुणी घाटनदेवीच्या बाजूला दरीच्या काठावर उभं राहून खालून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकत बसतं. बहुतेकांच्या हातात फोन असतो. पण अलीकडे या गर्दीत सत्तर-ऐंशीच्या दशकातले धातूचे, जड, रोलवर चालणारे कॅमेरे पुन्हा दिसू लागले आहेत. कुणाला ते मामाच्या कपाटात सापडलेले असतात, कुणी ते मुंबईच्या बोरा बाजारातून घेतलेले असतात. मुलं ते गळ्यात अडकवून घाटात येतात, आणि पहिल्याच रोलमध्ये इगतपुरी त्यांची खोड मोडते. छत्तीसपैकी तीस फोटो राखाडी चिखलासारखे येतात.

दोष कॅमेऱ्याचा नसतो. या जातीच्या कॅमेऱ्यात दोषी ठरवायला फोटो काढणाऱ्याशिवाय दुसरं कुणी नसतंच.

पेंटॅक्स के १००० घ्या. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हे मॉडेल जवळपास न बदलता विकलं गेलं आणि जगभरच्या फोटोग्राफीच्या वर्गांत विद्यार्थ्यांच्या हाती हाच कॅमेरा दिला गेला. वर एक चकती, तिच्यावर शटरचे वेग: एक सेकंदापासून १/१००० पर्यंत. लेन्सभोवती दोन कडी, एक अ‍ॅपर्चरचं, एक फोकसचं. उजव्या अंगठ्याखाली रोल पुढे सरकवणारा खटका. आत एक बटण-सेल आहे, पण तो फक्त मीटरची सुई हलवण्यापुरता. सेल संपला तरी शटर पडतं, कारण ते स्प्रिंगवर चालतं. निकॉनचा एफएम २ हा १९८२ चा कॅमेरा त्याहून पुढचा: शटर १/४००० पर्यंत जातं, आणि तेही सेलविना. ऑटोफोकस नाही, स्वतःहून उजेड ठरवणं नाही, चेहरा ओळखणं नाही. जे काही ठरवायचं ते बाहेरच्या कड्यांवर आणि चकतीवर, उघड्यावर ठरतं.

ठरवायचं काय, ते घाटातल्या गाडीवरूनच पाहू. समजा चढावर गाडी ताशी ३६ किलोमीटरने येते आहे, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. फोटो काढणारा रुळांपासून वीस मीटरवर, सार्वजनिक रस्त्यावर आडवा उभा आहे. (रुळांत उतरून फोटो काढणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. घाटात तो मूर्खपणाही आहे, कारण धुक्यात गाडी दिसण्याआधी अंगावर येते.) १/१२५ सेकंद शटर उघडं राहिलं तर तेवढ्यात गाडी आठ सेंटिमीटर पुढे सरकते. ५० मिलिमीटरच्या लेन्समधून वीस मीटरवरची वस्तू निगेटिव्हवर चारशेपट लहान पडते, म्हणजे ते आठ सेंटिमीटर फिल्मवर ०.२ मिलिमीटर होतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण निगेटिव्ह आठपट मोठं करून बारा इंची प्रिंट काढली की तीच सरक दीड मिलिमीटरच्या वर जाते आणि डब्यावरचा नंबर वाचता येत नाही. शटर १/५०० वर नेलं तर ही सरक चौथाईवर येते. मग १/५०० का नको?

कारण उजेड. स्वच्छ उन्हात फोटोग्राफर मंडळी एक जुना ठोकताळा वापरतात: अ‍ॅपर्चर एफ १६ वर ठेवा आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं; म्हणजे ४०० च्या फिल्मला १/४०० किंवा जवळचं १/५००. दाट ढग आले की अ‍ॅपर्चर एफ ५.६ पर्यंत उघडायचं. इगतपुरीच्या जुलैमध्ये त्या ढगाच्या पोटातच आपण उभे असतो. आणखी दोन टप्पे, म्हणजे चौथाईपर्यंत, उजेड सहज खाली गेलेला असतो. म्हणजे एफ ५.६ ला १/१२५ मिळतं, आणि १/५०० हवं असेल तर एफ २.८ पर्यंत जावं लागतं. एफ २.८ ला वीस मीटरवर फोकस केला तर साधारण बारा मीटरपासून साठ मीटरपर्यंतचं सगळं धारदार येतं. गाडी सुटत नाही, पण फोटोच्या कोपऱ्यात हौसेने धरलेलं दोन मीटरवरचं ओलं नेचं पुसट होतं. नेचं हवं की डब्यावरचा नंबर, हे गाडी वळणावर यायच्या आधी ठरलेलं असावं लागतं.

जाणती माणसं यातून पळवाट काढतात. आडवं उभं राहण्याऐवजी वळणाच्या बाहेर, गाडी समोरून येईल अशा बेताने उभं राहिलं की तीच गाडी फिल्मवर फारशी सरकत नाही आणि १/१२५ पुरतं. किंवा उलट टोकाला जाऊन शटर १/३० वर ठेवायचं आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवत न्यायचा. इंजिन ठीकठाक येतं, झाडं रेघा होतात. बँकरमुळे घाटात एक सोय अशी की पुढचं इंजिन हुकलं तर शेपटाला दुसरी संधी असते.

पण राखाडी चिखलाचं कारण शटर नव्हे. त्याला मीटर जबाबदार असतो, किंवा खरं तर मीटरवरचा भाबडा विश्वास. या कॅमेऱ्यांमधला मीटर समोरच्या दृश्यात किती उजेड आहे एवढंच मोजतो. समोर काय आहे हे त्याला कळत नाही. समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करड्या रंगाचं असणार, असं गृहीत धरून तो सुई हलवतो. सपाटीवरच्या गावात हे गृहीतक बऱ्यापैकी चालतं. इगतपुरीत दहा पावलांच्या आत ते दोनदा खोटं पडतं. एकदा दरीकडे तोंड केल्यावर, कारण समोर पांढरं धुकं असतं आणि मीटर त्याला करडं करायला निघतो, म्हणजे उजेड कमी देतो. दुसऱ्यांदा डोंगराकडे वळल्यावर, कारण भिजलेला बेसॉल्ट जवळजवळ काळा असतो आणि मीटर त्यालाही करडं करायला निघतो, म्हणजे उजेड जास्त देतो. धुक्यात मीटरपेक्षा एक ते दीड टप्पा जास्त उघडायचं आणि काळ्या कड्यापुढे एक टप्पा आवरायचं, हा इथला रिवाज. त्यातही निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड बऱ्यापैकी सोसते. कमी पडलेला उजेड मात्र सोसत नाही. सावलीत जे फिल्मवर उमटलंच नाही ते धुताना किंवा प्रिंट काढताना कुणालाही आणता येत नाही.

यावर सर्वांत स्वस्त इलाज पायाखाली आहे. पावसाळ्यातलं हिरवं गवत मीटरच्या त्या कल्पित करड्याच्या बरंच जवळ जातं. ज्या उजेडात गाडी येणार त्याच उजेडातल्या गवतावर कॅमेरा रोखून माप घ्यायचं, आकडे पक्के करायचे आणि मग धुकं असो की कातळ, सुईकडे पुन्हा बघायचं नाही. स्वयंचलित कॅमेऱ्यात हेच करायला मेन्यूत शिरावं लागतं. इथे कडी फिरवली की ती तिथेच राहते.

फिल्टरबद्दल एक गैरसमज दरवर्षी नव्याने घाटात येतो. कृष्णधवल फिल्मवर पिवळा किंवा लाल फिल्टर लावला की दूरचं धूसर स्पष्ट होतं, हे पुस्तकात वाचलेलं असतं. ते खरं आहे, पण दिवाळीनंतरच्या कोरड्या निळसर धूसरपणाबद्दल; त्या दिवसांत १६४६ मीटरच्या कळसूबाईची कड पिवळ्या फिल्टरने खरोखर उठून दिसते. जुलैच्या धुक्यात पाण्याचे थेंब इतके मोठे असतात की ते सगळे रंग सारखेच विखरतात. तिथे लाल फिल्टर फक्त उजेड खातो.

फोकसचंही तसंच. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध दुभंगलेली प्रतिमा जुळवायची तर समोर एखादी ठळक उभी रेघ लागते. धुक्यात रेघच नसते. म्हणून विजेच्या तारांचा खांब हेरून ठेवतात, त्यावर फोकस लावतात आणि गाडी खांबाशी आली की बटण दाबतात. किंवा लेन्सवर कोरलेली खोलीची पट्टी वापरतात: ५० मिलिमीटरची लेन्स एफ ८ वर, फोकस दहा मीटरच्या थोडा पुढे, की साधारण पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं धारदार. आजच्या बऱ्याच लेन्सवर ही पट्टी नसते.

आकडे आधी ठरवायचे आणि मग हातावर भरवसा ठेवायचा, ही पद्धत नाशिक जिल्ह्याला नवी नाही. त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा चलच्चित्रणाचा कॅमेरा आणला. त्याला मोटर नव्हती. बाजूला एक हँडल. ते फिरवलं की फिल्म पुढे सरके आणि शटर उघडझाप करी. त्या काळच्या कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्याला आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं, असा साधारण दंडक असे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं मावतात, त्यामुळे हिशेब सोपा: सेकंदाला एक फूट. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट होती. या दंडकाने पाहिलं तर पडद्यावर आलेल्या चित्रपटासाठीच हँडलचे सात हजार चारशे फेरे झाले, टाकून दिलेले तुकडे वेगळे. हात मंदावला तर पात्रं पडद्यावर धावतात, हात घाईला आला तर ती रेंगाळतात. फाळक्यांनी हे काम त्र्यंबकेश्वरचेच मित्र त्र्यंबक बी. तेलंग यांना शिकवलं आणि त्यांच्यावर सोपवलं. फिल्म कोरी, बिनभोकाची येई. तिच्या कडांना भोकं पाडण्याचं काम रात्री अंधारात सरस्वतीबाई फाळके करत. भारतीय सिनेमाच्या इतिहासात त्यांचं नाव पहिल्या तंत्रज्ञांत घ्यायला हवं. ते अजूनही बहुधा पत्नी म्हणूनच घेतलं जातं.

या कॅमेऱ्याचा एक किस्सा फाळक्यांच्या चरित्रात येतो. वांगणीला बाहेरचं चित्रीकरण होतं. ढाल-तलवारी घेऊन गावात शिरलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असं वाटलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. फाळक्यांनी कॅमेरा मांडून, फिल्म नसताना हँडल फिरवून प्रसंग करून दाखवला तेव्हा कुठे सुटका झाली. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसमोर आला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. मुंबईहून नाशिकला जाणारी रेल्वे तेव्हाही याच घाटाने चढत होती.

आणि त्याच सुमारास, १९१३-१४ मध्ये, जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक सिनेमाचीच फिल्म वापरून एक छोटा कॅमेरा बनवत होते. सिनेमात फिल्म वरून खाली धावते आणि एका चित्राला कडेची चार भोकं लागतात. बार्नाकनी ती आडवी केली, चित्र दुप्पट केलं, आठ भोकांचं. १९२५ मध्ये तो कॅमेरा लायका या नावाने बाजारात आला आणि पुढचे सगळे पेंटॅक्स, निकॉन, झेनिट त्याच मापावर बेतले गेले. आज घाटात उभ्या असलेल्या मुलाच्या कॅमेऱ्यातला छत्तीसचा रोल म्हणजे जेमतेम पाच-साडेपाच फूट सिनेमाची फिल्म. विल्यमसनमध्ये तो पाच-सहा सेकंदांत संपला असता. मुलाला तो दिवसभर पुरवायचा असतो.

मराठी घरांतला मॅन्युअल कॅमेरा मात्र लायका नव्हता. परवाना आणि आयात-बंदीच्या काळात परदेशी कॅमेरा आखातातल्या नातेवाइकाबरोबर यायचा, नाहीतर यायचाच नाही. घराघरांत होता तो बडोद्याला बनणारा आगफा क्लिक थ्री: १२० चा रोल, त्यावर चौरस बारा फोटो, उजेडासाठी आकड्यांऐवजी सूर्याचं आणि ढगाचं चित्र. रशियन झेनिट ज्यांच्याकडे असे ते गावात जाणकार समजले जात. आणि लग्नात फोटोग्राफर यायचा तो यशिकाचा दोन लेन्सचा कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून. त्याच्या काचेवर नवरा डावीकडचा उजवीकडे दिसे. बारा फोटोंत सप्तपदी, कन्यादान, दोन्हीकडची माणसं आणि रुसलेले काका बसवायचे, ही गणितं त्या लोकांनी वर्षानुवर्षं केली. त्यांच्या कसबाबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही.

हे कॅमेरे आज वापरणाऱ्याचा खरा शत्रू घाटात आहे, आणि तो धुकं नव्हे, ओल. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हवेत इतकी आर्द्रता टिकली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. वेळीच उघडून पुसलं तर जातात. नाहीतर बुरशीचं आम्ल काचेवरचं लेपन खातं आणि मग पुसूनही खुणा राहतात. चामड्याचं मूळ कव्हर रुबाबदार दिसतं खरं, पण ते ओल धरून ठेवतं; पावसाळ्यात कॅमेरा त्यात ठेवणं म्हणजे बुरशीला भाड्याने खोली देणं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि रंग बदलणारी सिलिका जेल, एवढ्यावर काम भागतं. जेलचा रंग पालटला की ती गरम करून कोरडी करायची आणि पुन्हा वापरायची. तांदळात कॅमेरा पुरण्याचा घरगुती उपाय सोडून द्यावा. तांदळाची पूड शटरमध्ये जाते.

एसी डब्यातून येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. थंडगार कॅमेरा इगतपुरीच्या फलाटावर बाहेर काढला की त्यावर क्षणात दव जमतं, काचेवर बाहेरून आणि आतूनही. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावा आणि बाहेरच्या हवेइतका उबदार होईपर्यंत चहा प्यावा.

बोरा बाजारातून जुना कॅमेरा घेणाऱ्याने तीन गोष्टी तिथेच पाहाव्यात. शटर एक सेकंदावर ठेवून कान द्यावा. आतलं वंगण घट्ट झालं असेल तर तो सेकंद दीड-दोनचा होतो. मागचं झाकण उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबावा. तो डांबरासारखा चिकटला तर उजेड आत शिरणार आणि प्रत्येक फोटोवर नारिंगी पट्टे येणार. लेन्स काढून बल्बसमोर धरून जाळं आहे का बघावं. मीटर चालतो का हे त्यानंतरचं. साठच्या दशकातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले. दीड व्होल्टचा आजचा सेल घातला तर सुई हलते, पण खोटं सांगते.

रोलचं अर्थकारण सरळ आहे आणि गैरसोयीचं. रंगीत छत्तीसचा रोल आता हजार रुपयांच्या घरात किंवा वर जातो, धुण्याचे आणि स्कॅनचे पैसे निराळे. उटकमंडला १९६० मध्ये स्थापन झालेली सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स ‘इंदू’ नावाची देशी फिल्म बनवत असे. ती कंपनी बंद पडली आणि रोल पूर्णपणे आयातीवर गेला. तालुक्याच्या गावातले स्टुडिओ आता पासपोर्ट फोटोवर आणि लग्नाच्या अल्बमवर चालतात. रोल धुवायला मुंबई-पुण्याकडे पाठवावा लागतो. कृष्णधवल रोल घरीच धुता येतो: काळोखी पिशवी, एक टाकी, डेव्हलपर, हायपो आणि पाण्याचं तापमान वीस अंशांवर टिकवण्याचा धीर. पावसाळ्यातल्या इगतपुरीचं पाणी त्या तापमानाच्या बरंच जवळ असतं, ही या गावाची एक न मिरवलेली सोय.

धुतल्यानंतर हाती येतं ते निगेटिव्ह, आणि मराठी घरांनी सर्वांत जास्त हेळसांड केली ती त्याचीच. प्रिंट अल्बममध्ये लागल्या, निगेटिव्ह रॉकेलच्या बिलाबरोबर ड्रॉवरमध्ये गेली. कृष्णधवल निगेटिव्हमधलं चित्र खऱ्या चांदीचं असतं, त्यामुळे बंद पडलेल्या स्टुडिओंचे गठ्ठे भंगारात किलोवर गेले, जशी एक्स-रेची फिल्म अजूनही जाते. मूकपटांच्या कित्येक प्रतींचा शेवटही असाच झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे पहिलं आणि शेवटचं अशी दोनच रिळं आहेत, आणि तीही १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे.

रंगीत निगेटिव्हमध्ये चांदी उरत नाही, ती धुतानाच निघून जाते. म्हणून भंगारवालाही ती घेत नाही आणि ती माळ्यावर पडून राहतात. ओलीत त्यांचं जिलेटिन एकमेकांना चिकटतं. इगतपुरी, घोटी, त्र्यंबक पट्ट्यात ज्यांच्या घरी अशी पाकिटं असतील त्यांनी ती दिवाळीच्या कोरड्या दिवसांत काढून, पट्ट्या कडेने धरून सुट्या कराव्यात. चिकटलेल्या पट्ट्या ओढू नयेत. स्वच्छ पाण्यात भिजवल्यावर बऱ्याचदा त्या सुटतात. सुट्या पट्ट्या साध्या कागदी पाकिटांत घालून, सिलिका जेलच्या डब्यात ठेवाव्यात. स्कॅनर नसला तरी अडत नाही. पांढऱ्या पडद्याच्या टॅबवर पट्टी दोन बोटं उंच धरून फोनने फोटो काढला आणि रंग उलटे केले, की १९८३ च्या सहलीत कोण कोण होतं एवढं तरी कळतं.